निजलेल्या यंत्रांची जागल

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या एका माळावर सुमारे एक हजार छोटी यंत्रे मांडली गेली. तो पट्टा १.३ किलोमीटर लांब आणि ३०० मीटर रुंद होता. प्रत्येक यंत्र हातात मावेल एवढे. त्यात उष्णता, आवाज आणि चुंबकीय क्षेत्रातले बदल टिपणारे सेन्सर, एक साधा प्रोसेसर, एक रेडिओ आणि दोन पेन्सिल सेल. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या अनिश अरोरा यांच्या गटाचा हा ‘एक्सस्केल’ नावाचा प्रयोग होता. पट्ट्यातून कुणी चालत गेले किंवा एखादी गाडी गेली, तर ते ओळखायचे आणि एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत ती खबर ठाण्यापर्यंत पोचवायची, हे या यंत्रांचे काम.

काम सोपे वाटते, पण ज्यावर पाळत ठेवायची ती घटना क्वचित घडते, कधी घडेल ते सांगता येत नाही आणि घडली की क्षणात संपते. प्रबल दत्ता, अरोरा, डेव्हिड कलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यंत्राच्या रचनेवर २००५ साली जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच घटनेची ही तीन लक्षणे आहेत. यंत्राने सतत डोळे उघडे ठेवले, तर सेल आठवडाभरही टिकत नाहीत. मिटले, तर नेमकी त्याच वेळी गाडी निघून जाते. या पेचातून वाट काढण्यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत जे शोधले गेले, ते मला अभियांत्रिकीतल्या सर्वांत देखण्या कामांपैकी एक वाटते.

मुळात अशा जाळ्याची कल्पना कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात क्रिस पिस्टर यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस मांडली. तिला त्यांनी ‘स्मार्ट डस्ट’, म्हणजे शहाणी धूळ, असे नाव दिले. धुळीच्या कणाएवढी यंत्रे हे ध्येय होते. प्रत्यक्षात तयार झाली ती आगपेटीच्या आकाराकडे झुकणारी, आणि आकार कमी न होण्याचे मोठे कारण होते बॅटरी. इलेक्ट्रॉनिक भाग लहान होत गेले, पण रसायनात साठणारी ऊर्जा त्या वेगाने वाढली नाही.

त्या काळातले सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे ‘मायका-२’. प्रोसेसर ८ बिटांचा, कामाची मेमरी अवघी ४ किलोबाइट. आजच्या मोबाइलवरचे एक छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. प्रोसेसर जागा असताना सुमारे ८ मिलिॲम्पिअर प्रवाह घेतो, रेडिओ ऐकत असताना आणखी १० च्या आसपास, आणि पूर्ण ताकदीने बोलताना रेडिओ एकटाच २५ हून जास्त. सगळे झोपवले, की हाच आकडा हजार भागांपैकी एका भागाच्या जवळपास येतो. चांगल्या पेन्सिल सेलची क्षमता साधारण २५०० मिलिॲम्पिअर-तास धरली, तर जागून नुसते ऐकत राहणारे यंत्र १३९ तासांत, म्हणजे सहा दिवसांच्या आत, संपते. तेच यंत्र एक टक्का वेळच जागे ठेवले, तर जवळपास दीड वर्ष चालते.

या आकड्यांत एक गोष्ट पहिल्यांदा वाचणाऱ्याला चकवते. रेडिओला बोलण्यापेक्षा ऐकणे स्वस्त पडेल असे आपल्याला वाटते, आणि क्षणाक्षणाला ते पडतेही, पण दिवसभराच्या हिशेबात चित्र उलटते. कुणी बोलत नसले, तरी ऐकण्यासाठी ग्राहकाचे सगळे सर्किट चालू ठेवावे लागते. बोलणे दिवसातून दोन-चार वेळा आणि ऐकणे अहोरात्र, त्यामुळे बॅटरी खरी संपते ती शांततेत. २००४ मध्ये जोसेफ पोलास्त्रे, जेसन हिल आणि कलर यांनी ‘बी-मॅक’ या पद्धतीत यावर जो उपाय वापरला तो असा: प्रत्येक यंत्राने ठरावीक अंतराने क्षणभर उठून हवेत काही हालचाल आहे का, एवढेच पाहायचे आणि पुन्हा निजायचे. ज्याला बोलायचे असेल त्याने आधी लांबलचक सूर लावून धरायचा, इतका लांब की शेजारी एकदा तरी उठेलच. भार ऐकणाऱ्यावरून बोलणाऱ्यावर गेला. बोलणारा जास्त खर्च करतो, पण तो क्वचित बोलतो, म्हणून सगळ्यांचे मिळून भले होते.

इथवर प्रश्न रेडिओचा झाला. सेन्सरच्या झोपेचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण शेजारी आपल्यासाठी थांबतो, पण गाडी थांबत नाही. समजा, एका यंत्राला दहा मीटर व्यासाच्या वर्तुळातले कळते, आणि ते दर पाच सेकंदांनी एक विसांश सेकंद जागे होते. माणूस ते वर्तुळ चालत ओलांडायला आठ सेकंद घेतो, म्हणून तो हमखास सापडतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात बाहेर पडते. ती सापडण्याची शक्यता दहात एक एवढीच. रस्त्याच्या कडेला अशी दहा यंत्रे आपापल्या लयीत झोपत-उठत असतील, तर सगळ्यांची नजर चुकवून गाडी निसटण्याची शक्यता अजून ३५ टक्क्यांच्या आसपास राहते. यंत्रे तीस केली, तर ती ४ टक्क्यांवर येते. बॅटरी तीच, यंत्राची झोप तीच, गाडीही तीच. बदलली ती फक्त संख्या. किती झोपायचे हे बॅटरीकडे पाहून ठरत नाही, घटनेच्या वेगाकडे पाहून ठरते, हे या विषयाचे मर्म आहे असे मी समजतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रेट डक बेटावर २००२ च्या उन्हाळ्यात ३२ यंत्रांचे जाळे महिनोन्‌महिने चालवण्याची उमेद धरता आली. तिथे ‘लीचेस स्टॉर्म पेट्रेल’ हा समुद्रपक्षी जमिनीत बिळे करून अंडी घालतो. काही यंत्रे बिळात ठेवली होती आणि ती दर ७० सेकंदांनी तापमान, आर्द्रता वगैरे मोजत होती. माणसाने बिळात हात घातला तर पक्षी घरटे सोडून देण्याचा धोका असतो. यंत्राचा असा त्रास नाही. पक्ष्याची ऊब सेकंदात निघून जात नाही, म्हणून रोज ८ मिलिॲम्पिअर-तासांच्या आसपास खर्च करून नऊ महिने काढायचे, असा हिशेब मांडता आला.

गाडी आणि घुसखोर यांच्या बाबतीत अशी सवलत नाही. तिथे दत्ता आणि सहकाऱ्यांनी शरीराच्या झोपेकडे पाहिले. झोपलेल्या माणसाचे कान पूर्ण बंद नसतात. मोठा आवाज झाला की तो उठतो. तसेच यंत्रात एक अतिशय कमी वीज खाणारा भाग जागा ठेवायचा. उष्ण वस्तू हलली की ओळखणारा निष्क्रिय इन्फ्रारेड सेन्सर, हाच प्रकार आपल्या इमारतींच्या जिन्यांत आपोआप दिवा लावतो, फार थोड्या विजेत चालतो. त्याला काही जाणवले, तर तो प्रोसेसरला उठवतो. प्रोसेसरला शंका रास्त वाटली, तर तो चुंबकीय सेन्सरसारखे खर्चिक भाग चालू करतो. त्यांनीही दुजोरा दिला, तरच रेडिओ. पायरीगणिक खर्च वाढतो आणि खात्रीही. खालच्या पायरीने चुका केल्या तरी चालते, पण त्या एकाच प्रकारच्या हव्यात. तिने उगाच उठवले तर थोडी वीज जाते. उठवायचे राहून गेले, तर वरच्या सगळ्या पायऱ्या व्यर्थ.

चुकांच्या या दोन जातींचे गणित बरेच जुने आहे. येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की खोट्या इशाऱ्याची मर्यादा एकदा ठरवून दिली, तर घटना हुकण्याची शक्यता कमीत कमी करणारा नियम कसा असतो. पुराव्याचे वजन एका ठरावीक उंबरठ्याच्या वर गेले तर ‘आहे’ म्हणायचे, नाही तर ‘नाही’. उंबरठा खाली आणला तर सगळे सापडते आणि बरेच नसलेलेही सापडते. वर नेला तर इशारे खरे होतात, पण काही घटना निसटतात. हातातला पुरावा तेवढाच असेल, तर दोन्ही एकदम कमी होत नाहीत. दोन्ही कमी करायचे असेल, तर पुरावा वाढवावा लागतो, आणि पुरावा वाढवणे म्हणजे वीज खर्च करणे.

हजार यंत्रांच्या जाळ्यात हा प्रश्न किती उग्र होतो, ते आकड्यांनीच कळते. एक यंत्र दर सेकंदाला एकदा पाहते आणि दहा हजार वेळा पाहिल्यावर फक्त एकदा चुकीचा इशारा देते, असे समजू. चांगलेच यंत्र म्हणायला हवे. पण दिवसाला ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे एका यंत्राचे रोज आठ-नऊ खोटे इशारे, आणि हजार यंत्रांचे साडेआठ हजारांहून जास्त. प्रत्येक इशारा चार-पाच यंत्रांच्या रेडिओतून पुढे जातो. वीज जाते ती जातेच, शिवाय ठाण्यावरचा माणूस दुसऱ्याच दिवशी त्याकडे पाहणे सोडून देतो. आता नियम बदलू: एकाच सेकंदात दोन शेजाऱ्यांना जाणवले, तरच खबर पाठवायची. चार हजार शेजारजोड्या धरल्या, तरी दिवसभरात खोटे इशारे तीन-चारच उरतात.

हा चमत्कार एका अटीवर टिकतो. दोन्ही यंत्रांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असायला हव्यात. वाऱ्याने उंच गवत हलले, उन्हाने तापलेली जमीन आणि सावली एकाआड एक दिसू लागली, तर एक नव्हे, सगळेच शेजारी एकदम फसतात. अशा वेळी मते मोजून उपयोग नसतो. प्रत्येक यंत्राने आपल्या भोवतालचा गोंधळ मोजत राहून उंबरठा वर-खाली करावा लागतो: शांत रात्री नाजूक कान, वादळी दुपारी जाड कान.

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ‘व्हिजिलनेट’ या प्रणालीने शेजाऱ्यांचे मत आणि झोप या दोन गोष्टींची सांगड घातली. तियान हे, जॉन स्टॅन्कोविच, तारेक अब्देलझाहेर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ७० ‘मायका-२’ यंत्रे गवताळ रानात २८० फुटांच्या रेषेत मांडून ती तपासली. त्यातली काही यंत्रे पहारेकरी होत, बाकीची झोपत. पहारेकऱ्याला चाहूल लागली, की तो शेजाऱ्यांना उठवी. मग त्या जागेपुरता गट तयार होई, गटातला एक प्रमुख होई, आणि पुरेशा सदस्यांनी दुजोरा दिला तरच तो ठाण्याला कळवी. किती दुजोरे हवेत, हा आकडा बाहेरून ठरवता येत असे. पहारेकऱ्याची बॅटरी उतरली, की पाळी बदले. कापणीला आलेल्या ज्वारीवर चार घरांनी मिळून पाळीपाळीने जागल करावी, तशी ही व्यवस्था होती: रान कधी उघडे पडत नाही आणि कुणा एकाचेच डोळे जात नाहीत.

पाळीची ही न्याय्य वाटणी एका जागी मात्र नेहमी कोलमडते. ठाण्याजवळच्या यंत्रांना स्वतःचे बोलणे कमी आणि दुसऱ्यांच्या खबरा पुढे ढकलणे जास्त, त्यामुळे ती आधी मरतात. दूरची यंत्रे धडधाकट असूनही मग मुकी होतात. तिथे जास्त यंत्रे ठेवणे किंवा मोठी बॅटरी देणे, असेच उपाय करावे लागतात.

कमी बोलूनही जास्त कळवता येते का, या प्रश्नाचे उत्तर मला या सगळ्यात सर्वांत अद्‍भुत वाटते. १९९६ साली रागो, विलेट आणि बार-शालोम यांनी दाखवले, की यंत्राजवळचा पुरावा ना धड इकडचा ना धड तिकडचा असेल, तर त्याने गप्प बसावे. निर्णयाचे फारसे बिघडत नाही. घटना दुर्मीळ असेल आणि बोलण्यावर कडक बंधन असेल, तर नियम आणखी सोपा होतो: घटनेच्या बाजूने भक्कम पुरावा असेल तेव्हाच बोलायचे. मग गप्प राहणे हीच खबर होते. ठाण्याला हजार ठिकाणांहून काही येत नाही, म्हणजे हजार ठिकाणी काही घडलेले नाही, आणि त्या माहितीसाठी कुणी विजेचा थेंबही खर्च केलेला नाही. यातला धोकाही उघड आहे. मेलेले यंत्रही गप्पच असते. म्हणून प्रत्येकाला अधूनमधून ‘मी आहे’ एवढे सांगावेच लागते, आणि ते किती वेळाने सांगायचे, यावर पुन्हा वीज आणि भरवसा यांचा सौदा सुरू होतो.

पुरावा किती गोळा करायचा, याचे उत्तर अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिले. शंभर मोजमापे घ्यायची असे आधी ठरवू नका. एकेक घ्या, प्रत्येक वेळी वजन पाहा, आणि खात्री पटली की थांबा. तेवढ्याच खात्रीसाठी सरासरीने बरीच कमी मोजमापे लागतात. वाल्ड यांना पेन्सिल सेलवर चालणारी यंत्रे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण प्रत्येक मोजमापाला किंमत असते हे त्यांनी हेरले होते. डिसेंबर १९५० मध्ये भारतात व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. त्याच सह्याद्रीच्या रांगेत, थोडे दक्षिणेला, त्यांच्या विचाराशी नाते सांगणारे एक जाळे पुढे उभे राहिले. त्याकडे वळण्याआधी एका ज्वालामुखीची गोष्ट सांगायला हवी.

इक्वेडोरमधला रेव्हेंतादोर ज्वालामुखी २००५ साली जागा होता. हार्वर्ड विद्यापीठातले मॅट वेल्श आणि जेफ वर्नर-ॲलन यांनी भूकंपशास्त्रज्ञांच्या साथीने त्याच्या उतारावर १६ यंत्रांची सुमारे तीन किलोमीटर लांब रांग लावली. प्रत्येकाला भूकंपमापक आणि मानवी कानाला न ऐकू येणारे खर्जातले ध्वनी टिपणारा मायक्रोफोन होता. भूकंपशास्त्रज्ञांना ‘हादरा बसला’ एवढे कळून पुरत नाही. त्यांना लहरीचा आकार हवा असतो, सेकंदाला १०० मोजमापे, तीही सगळ्या यंत्रांच्या घड्याळांचा मेळ घालून. इतके सगळे पायरीपायरीने पाठवणे त्या रेडिओंच्या कुवतीबाहेरचे होते. म्हणून यंत्रे मोजत राहायची, पण नोंद स्वतःजवळच ठेवायची. अलीकडच्या काही क्षणांची सरासरी हालचाल मागच्या दीर्घ सरासरीपेक्षा एकदम वाढली, की फक्त एक छोटासा निरोप द्यायचा. ३० टक्के यंत्रांनी थोड्याच वेळात असा निरोप दिला, की ठाणे प्रत्येकाकडून शेवटच्या ६० सेकंदांची नोंद मागवून घेई. १९ दिवसांत २३० च्या आसपास घटना हाती लागल्या. पण नोंद ओढून घेणे चालू असेपर्यंत नवे मोजणे थांबे, आणि लागोपाठ दोन स्फोट झाले तर दुसरा निसटे. आधीच्या घटनेचे तपशील हवेत की पुढच्या घटनेवर नजर हवी, यात निवड करावी लागली. संशोधकांनी हे उणेपण आपल्या निबंधात मोकळेपणाने मांडले, हे मला त्यांच्या यशाइतकेच मोलाचे वाटते.

केरळमधल्या मुन्नारजवळची अँथोनियार कॉलनी ही चहाच्या मळ्यांच्या मुलखातली, दरडींचा इतिहास असलेली वस्ती. अमृता विश्व विद्यापीठातल्या मनीषा रमेश यांच्या गटाने तिथल्या उतारात खोल विंधणे घेऊन मातीतली ओल, भूजलाचा दाब, उताराचा कल आणि जमिनीची हालचाल मोजणारे सेन्सर गाडले आणि ते बिनतारी जाळ्याने जोडले. दरड एकाएकी कोसळते असे आपण म्हणतो, पण तिची तयारी तास न् तास चाललेली असते. पाणी मुरत जाते, मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत दाब वाढतो, कणांना एकमेकांवर धरून ठेवणारा जोर त्या प्रमाणात घटतो, आणि एका क्षणी उताराला आपले वजन पेलवत नाही. त्यामुळे यंत्रांची झोप ऋतूप्रमाणे ठरवता येते. कोरड्या महिन्यांत मोजमापे दूरदूरची, पाऊस वाढला की जवळजवळची, आणि दाब धोक्याच्या पायरीवर गेला की आणखी दाट. जुलै २००९ मधल्या अतिवृष्टीत या प्रणालीने धोक्याचा इशारा दिला होता.

या जाळ्यापुढचा एक पेच सह्याद्रीत राहणारा कुणीही लगेच ओळखेल. सौर पॅनेलने बॅटरी भरायची म्हटले, तर सूर्य गायब असतो नेमका त्याच आठवड्यांत, जेव्हा यंत्राने सर्वांत जास्त जागायला हवे. वर्षभर काटकसर करायची ती आषाढ-श्रावणातल्या त्या थोड्या रात्री जागून काढण्यासाठी.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि गाव जागेवर नाही हे प्रथम लक्षात आले ते सकाळी तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकाच्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर तेच संकट कोसळले. सेन्सरचे जाळे असते तर सगळे वाचले असते, असा दावा मी करणार नाही. दरडीची जागा आधी ओळखावी लागते, उंबरठा त्या मातीचा अभ्यास करून ठरवावा लागतो, आणि इशारा मिळाल्यावर भर पावसात मध्यरात्री घर सोडायला लोक तयार व्हावे लागतात. खोट्या इशाऱ्याची किंमत इथे विजेत मोजायची नसते. दोनदा उगाच घर सोडावे लागलेली म्हातारी तिसऱ्यांदा उठणार नाही. तरीही दरडीच्या तोंडाशी असलेल्या वाड्यांपुरती ही जागल करणे तांत्रिकदृष्ट्या आपल्या आवाक्यात आहे, आणि ते व्हायला हवे.

झोपेचा खर्च आणखी किती खाली आणता येईल, यावर अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, ‘डार्पा’ने, २०१५ च्या सुमारास ‘एन-झिरो’ हा कार्यक्रम सुरू केला. घटनेची वाट पाहताना यंत्राने १० नॅनोवॉटपेक्षा कमी वीज घ्यावी, हे त्याचे लक्ष्य. दोन पेन्सिल सेलांतल्या ऊर्जेला या आकड्याने भागले, तर उत्तर ८० हजार वर्षांच्या पुढे जाते. म्हणजे वापराआधी सेल आपोआपच निकामी होणार. आयुष्य यंत्र ठरवत नाही, सेलची स्वतःची गळती ठरवते. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात मात्तेओ रिनाल्दी यांच्या गटाने २०१७ मध्ये याच वाटेवरचा एक स्विच प्रसिद्ध केला. वाट पाहताना तो काहीच वीज घेत नाही. त्याच्यावरचे सूक्ष्म धातुपट्टे इन्फ्रारेडची ठरावीक तरंगलांबीच शोषतात, जशी गाडीच्या तापलेल्या धुरातून निघते. त्या शोषलेल्या उष्णतेनेच दोन धातूंचा जोड वाकतो, टोके एकमेकांना टेकतात आणि सर्किट पुरे होते. यंत्राला उठवायला लागणारी ऊर्जा येणाऱ्या गाडीनेच पुरवलेली असते. मात्र अशा स्विचला शांत रात्र आणि वादळी दुपार यांतला फरक कळत नाही. खोटा इशारा की हुकलेली घटना, ही निवड इथे प्रोग्रॅम बदलून होत नाही. ती कारखान्यातच, त्या दोन टोकांमध्ये किती फट ठेवायची हे ठरवताना, करावी लागते.